पोरगी ‘नाही’ म्हणते, तेव्हा ती काय सांगते?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा घरात एकच विषय होता, दादाची सोयरीक. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, म्हणजे एकतीसचा. बी.ए. झालेला, सुपारीचंही व्यसन नाही, रिसोड तालुक्यात पाच एकर कोरडवाहू. गेल्या तीन वर्षांत किती स्थळं पाहिली हे आता घरात कुणी मोजत नाही. यंदा मेहकरकडचं एक स्थळ बरंच पुढे गेलं होतं. पत्रिका जुळली, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या घरी जेवून आली. सुपारी फोडायची तारीख काढायची, एवढंच बाकी होतं. मग मामांचा फोन आला. बाबांनी तो ऐकला, ठेवला आणि म्हणाले, “पोरगी नाही म्हणते.”

दादा उठून गोठ्याकडे गेला. आई चुलीपाशी होती, तिथेच राहिली. मी मात्र त्या तीन शब्दांवर अडकलो. ‘पोरीकडचे नाही म्हणतात’ असं बाबा म्हणाले नव्हते. ‘पोरगी नाही म्हणते’ असं म्हणाले होते. आजीच्या वेळी, आईच्या वेळी होकार आणि नकार दोन्ही बापाचे असायचे. आमच्या घरात या वाक्याचा कर्ता पहिल्यांदाच पोरगी होती.

नात्यांमध्ये काय बदललं असं विचारलं की आपण लगेच इन्स्टा, डेटिंग अ‍ॅप, सिच्युएशनशिप, लिव्ह-इन यांची यादी काढतो. ते सगळं आहेच. पण वाशिमसारख्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा बदल मला या साध्या वाक्यात दिसतो. इथल्या मुली नकार देऊ लागल्या आहेत, आणि तो ऐकायचा कसा हे आपल्या घरांना, गावांना आणि आपल्यासारख्या पोरांना अजून उमगलेलं नाही.

घोड्यावरचे नवरदेव

२१ डिसेंबर २०२२ चा सोलापूरचा मोर्चा तुम्हाला आठवत असेल. मुंडावळ्या बांधून, काही जण घोड्यावर बसून, बँड लावून लग्नाळू तरुण जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. आम्हाला बायको मिळवून द्या, असं निवेदन त्यांनी दिलं. देशभर त्याचे व्हिडिओ फिरले, मीम झाले. आपणही हसलो. पण त्यांची मुख्य मागणी हसण्यासारखी नव्हती. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, असं ते म्हणत होते.

आकडे बघा. दर हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्माला येणं हे निसर्गाचं प्रमाण. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात १९९१ साली हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंग निदान रोखणारा कायदा १९९४ चा, तरीही ही घसरण थांबली नाही. २००१ च्या जनगणनेत जी पोरं मोजली गेली ती आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे दादाच्या मागोमाग लग्नाच्या रांगेत उभी असलेली. २०११ ची पोरं आपल्या मागून येणारी बॅच. तेव्हा ‘मुलगीच नको’ म्हणणाऱ्या समाजाला आज ‘मुलगीच मिळत नाही’ म्हणावं लागतंय. सोनोग्राफी सेंटरच्या बंद दाराआड जे घडलं, त्याचं बिल पंचवीस वर्षांनी मांडवात आलंय.

पण एवढ्यानं सगळं गणित सुटत नाही. हजारामागे तीस-चाळीस मुली कमी असतील, तर गावातले निम्मे तिशीतले पोरं बिनलग्नाचे का? कारण तुटवडा सगळीकडे सारखा वाटला जात नाही. मुलगी लग्न करून पुण्याला जाऊ शकते. मुलगा वाटणीत आलेल्या जमिनीपाशी राहतो. पुण्यातल्या कंपनीत पंधरा-वीस हजारांवर काम करणाऱ्या मुलाला स्थळं येतात आणि गावात पाच एकर असलेल्याला येत नाहीत. त्यामुळे शहरात गेलेल्यांचं जमतं, मागे राहिलेल्यांचं खोळंबतं.

आणि त्या ‘पाच एकर’चा अर्थही बदललाय. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली होती. एकरात सांगायचं तर साडेदहावरून सव्वातीनवर. आमच्या घरचा हिशोब सांगतो. २०२४ च्या खरिपात पाच एकरांत २८ क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव ४,८९२ रुपये होता. आम्हाला मिळाले ४,१००. हातात आले १ लाख १४ हजार ८००. बी, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी यांचे पंच्याहत्तर हजार वजा करा. उरले चाळीस हजारांच्या आत. त्यात दादाची आणि माझी वाटणी अजून व्हायची आहे. बाजार समितीचा भाव मुलीच्या बापाला आपल्या इतकाच पाठ असतो. तोही शेतकरीच असतो.

‘नंबर’ कोण लावतं?

यावर गावात, पारावर आणि पुढाऱ्यांच्या भाषणात एक सोपं उत्तर तयार आहे. पोरी माजल्यात. त्यांना शेती पाहिजे, शेतकरी नको. पुण्यात फ्लॅट पाहिजे, सासू-सासरे नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच अमरावती विभागातले वरुड-मोर्शीचे तेव्हाचे आमदार देवेंद्र भुयार यांनी भाषणात मुलींची चक्क प्रतवारी लावली. देखणी मुलगी नोकरीवाल्याला जाते, दुसऱ्या नंबरची दुकानवाल्याला आणि उरलेली शेतकऱ्याच्या पोराला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. पण आपण त्या भाषणाकडे नीट बघू. त्यांना सांगायचं होतं शेतकऱ्याच्या पोराचं दुःख, आणि ते खरं आहे. ते सांगताना मात्र मुलगी सोयाबीनसारखी झाली. चाळणी लावायची, ओलावा बघायचा, ग्रेड ठरवायची. जो माणूस नकार देतोय त्याला आपण माल समजलो, तर त्याच्या नकाराचं कारण विचारायचं कसं सुचेल? मालाला कुणी कारण विचारत नाही.

मी विचारायचं ठरवलं. त्या मुलीशी थेट बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मामीला मध्ये घातलं. दोन दिवसांनी मामीचा निरोप आला. मुलगी म्हणाली होती, “मुलगा चांगला आहे. त्यांच्या घरचेही चांगले आहेत. पण मला माझ्या आईचं आयुष्य परत जगायचं नाही.”

यात फ्लॅट नाही, पुणं नाही, माज तर नाहीच नाही. ही मुलगी वीस-बावीस वर्षं एका बाईला जवळून बघत होती आणि त्यावरून तिने निष्कर्ष काढला होता. आम्ही मास कॉमवाले याला फील्ड स्टडी म्हणतो.

आईचं आयुष्य म्हणजे काय?

मग मी माझ्या आईकडे बघितलं. खरं सांगतो, अशा नजरेनं पहिल्यांदाच. सोंगणीच्या दिवसांत ती साडेचारला उठते. पाणी, चूल, डबे, मग शेतात. शेतात ती बाबांइतकंच वाकते. संध्याकाळी दोघं सोबतच परत येतात. बाबा ओट्यावर बसतात, आई चुलीपाशी. आमचं घर जगावेगळं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या स्त्रिया बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं दिसलं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झाली.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. आईनं या जमिनीत तीस-बत्तीस वर्षं घाम गाळला. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. नोकरीवाल्याशी लग्न करणाऱ्या मुलीलाही नवऱ्याच्या पगारावर हक्क मिळतो असं नाही, पण तिला निदान त्याच्या ऑफिसात जाऊन फुकट राबावं लागत नाही. शेतकऱ्याची बायको होणं म्हणजे बिनपगारी कामावर रुजू होणं, मालकी नसताना. एखाद्या मुलानं अशी नोकरी नाकारली तर आपण त्याला शहाणा म्हणतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या सायखेड्याची २०१५ ची बातमी जुन्या वाचकांना आठवेल. तिथल्या एका बाईनं दागिने आणि मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधलं. राज्य सरकारनं तिचा सत्कार केला, फोटो छापून आले. मंगळसूत्राला आपल्याकडे केवढा मान. पण त्या बाईनं संसारात काय आधी आणि काय नंतर हे स्वतः ठरवलं. सौभाग्याच्या खुणेपेक्षा रोज पहाटे अंधारात बाहेर जावं न लागणं तिला मोठं वाटलं. आजच्या मुली लग्नाआधीच हाच हिशोब मांडतायत. फरक एवढाच, की आपण तिचा सत्कार केला आणि यांना नावं ठेवतोय.

हा नकार आजचा नाही

हे सगळं मोबाईलमुळे झालं असं कुणी म्हणालं, तर त्याला रखमाबाईंची गोष्ट सांगा. मुंबईत अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला. रखमाबाईंचं म्हणणं होतं की ज्या लग्नाला माझी समजून-उमजून संमतीच नव्हती, ते माझ्यावर लादता येणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा चाललं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. संमतीवयाच्या १८९१ च्या कायद्यामागे या खटल्यानं पेटलेली चर्चाही होती.

तेव्हा एका बाईला ‘नाही’ म्हणायला चार वर्षं कोर्टात लढावं लागलं. आज मेहकरकडच्या मुलीला मामांच्या एका फोनवर ते जमलं. पण सगळ्यांना जमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. तिच्या वाट्याला ‘नाही’ हा शब्द आलाच नाही. मुली कमी झाल्या म्हणजे मुलींची किंमत वाढेल, हुंडा बंद होईल असं काहींना वाटतं. किंमत मालाची वाढते. माणसाची वाढायला आधी त्याला विचारावं लागतं.

अँथनी गिडन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं १९९२ चं एक पुस्तक आम्हाला अभ्यासाला होतं. त्यांचं म्हणणं असं, की आधुनिक काळात नातं हळूहळू ‘शुद्ध’ होत जातं. म्हणजे जमीन, घराणं, रूढी यांच्या टेकूवर नव्हे, तर दोघांना त्यातून काही मिळतंय तोवरच ते टिकतं. वर्गात हे वाचताना मला हसू आलं होतं. आमच्याकडे नात्यात दोघंच कुठे असतात? पाच एकर असतात, सोसायटीचं कर्ज असतं, पाहुणे-रावळे असतात, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर जात बसलेली असते.

तीसुद्धा मोठी सोयीनं बसते. हरियाणात मुलींचा तुटवडा वाढला तेव्हा बंगाल, आसामकडून पैसे मोजून मुली आणल्या गेल्या. त्यांना तिथे ‘मोलकी’ म्हणतात, विकत आणलेली. आपल्याकडेही आता लग्न लावून देणारे दलाल फिरतात. लाख-दोन लाख घेतात, आणि कधी लग्नानंतर चार दिवसांत नवरी आणि दलाल दोघंही गायब झाल्याच्या बातम्या आपण छापतो. अशी सून आणताना तिची जात फारशी खोदून विचारली जात नाही. पण आपल्याच घरातल्या मुलीनं कॉलेजात दुसऱ्या जातीचा मुलगा स्वतः निवडला, की तीच माणसं काठ्या काढतात. म्हणजे अडचण जातीपेक्षाही मुलीच्या निवडण्याची आहे. जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहून ठेवलं. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीला किंवा जमावाला नाक खुपसायचा अधिकार नाही. कायद्यानं मुलीचा होकारही तिचाच आहे आणि नकारही.

कॅम्पसमधला ‘नाही’

आता आपल्याकडे येऊ. घरातल्या नकाराबद्दल एवढं बोललो, पण आपल्यापैकी बहुतेकांना पहिला नकार मांडवात नाही, कॉलेजात मिळतो. आणि तिथे आपण काय करतो?

हॉस्टेलच्या खोलीत मी हे ऐकलंय, आणि खोटं कशाला, मीही हसलोय. “पोरी आधी नाहीच म्हणतात, मागे लागायचं.” “भाव खाते.” “दुसरा कोणीतरी असेल.” तिनं ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून मेसेज. बसस्टँडवर रोज त्याच वेळेला उभं राहणं. आपल्याला ते प्रेम वाटतं. कायद्यात त्याला पाठलाग म्हणतात. २०१३ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कलम बाजूला ठेवू. ३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ आठवू. वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. कॉलेजात शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका कामावर निघाली होती. तिचा पाठलाग करणाऱ्यानं भर रस्त्यात तिच्यावर पेट्रोल टाकून तिला पेटवलं. सात दिवसांनी, १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला आरोपीला जन्मठेप झाली. तेव्हा मी बारावीच्या आसपासही नव्हतो, पण मला आठवतं, आमच्या शाळेतून मेणबत्ती मोर्चा निघाला होता. त्या मोर्च्यात चालणाऱ्या आम्हा पोरांपैकी कितीजण पुढे कॉलेजात गेल्यावर “मागे लागायचं” म्हणाले, हे मला माहीत आहे. कारण त्यात मी होतो.

दादा पेट्रोल घेऊन निघालेला माणूस नाही. तो गोठ्यात गेला, बैलापाशी बसला, अर्ध्या तासानं आला आणि जेवला. दहा वेळा नकार ऐकलेला माणूस आतून कसा होतो हे मी जवळून बघितलंय. तो लग्नांना जाणं टाळतो. मित्रांच्या पोरांच्या वाढदिवसाला काही तरी काम काढतो. त्याच्या या दुःखाला गावात जागा नाही, टिंगल आहे. आणि जिथे दुःखाला जागा नसते, तिथे राग पटकन येऊन बसतो. “पोरी माजल्यात” हे वाक्य त्या रागाला आयतं मिळतं. म्हणून ते वाक्य धोक्याचं. ते दादासारख्या सरळ माणसाला सांगतं, की तुझा शत्रू सोयाबीनचा भाव नाही, ती पोरगी आहे.

बायोडाटातली नवी ओळ

मग करायचं काय? सोयाबीनला भाव, सिंचन, तालुक्याच्या ठिकाणी रोजगार या गोष्टी सरकारनं करायच्या आहेत आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण एक गोष्ट घरात करता येते, आणि ती आपल्या मातीतली आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८९ मध्ये ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती. शेतकऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. गावोगावच्या शेतकऱ्यांनी तसं केलं. पुढे १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढून, नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली. तीस वर्षांहून जुनी सोय. आमच्या गावात मी दहा जणांना विचारलं, दोघांना ठाऊक होती.

भाऊबीजेच्या रात्री मी दादाचा बायोडाटा मोबाईलवर नव्याने टाइप करायला घेतला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून फिरून जुना पार धुरकट झाला होता. ‘शेती : ५ एकर’ या ओळीपुढे मी दादाला विचारून लिहिलं, ‘लग्नानंतर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची तयारी.’ आणि ‘अपेक्षा’ या रकान्यात ‘गोरी, सुशील, गृहकृत्यदक्ष’ होतं, ते दादानं स्वतःच खोडलं. काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, “लिही, बोलणारी पाहिजे.”

बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे, त्यामुळे गप्प राहण्याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो.

आई भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, “सुनेचं नाव लावसान, चांगलंच हाये. पण माह्यं कधी लावता?”